नॉर्मलचा नारळ

प्रिय बाबा,

मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आपली वस्ती आहे त्या डोंगराच्या पायथ्याशी, भाजी मार्केटच्या मागे जो महापालिकेचा दवाखाना आहे ना, तिथे. बाजूला आई आहे. तिचं उपाशीपोटी रक्त घेऊन झालंय. मग नाश्ताही झाला, आता दोन तासांनी परत रक्त द्यायचं. मधल्या वेळात तिला इथून पळू द्यायचं नाही, एवढंच माझं आजचं काम. आणि ते सोपं नाही. मघाशी ती चपला घालून गेटपर्यंत जाऊन आलीसुद्धा.

दुसऱ्या कोणाला लिहू? ऑफिसात फोन करून सांगितलं, आईला दवाखान्यात आणलंय, उशीर होईल. मॅडमनी विचारलं, काही सीरियस? काय सांगणार होते मी? की माझी आई साखरेच्या तपासणीत कॉपी करते? आणि ही कॉपी तिने माझ्या वडिलांकडून उचलली? हे ऐकून हसणार नाही असं एकच माणूस आहे. खरं तर तुम्हीसुद्धा हसाल. पण तुम्हाला कळेल तरी.

काल आपल्या मंडळाचं आरोग्य शिबिर झालं. तेच, दरवर्षीचं. मोफत बीपी, मोफत साखर, वजन, डोळे. तुम्ही गेल्यापासून बंद पडलं होतं. ते मी पुन्हा सुरू करायला लावलं. का लावलं, ते तुम्हाला सांगायला नको. की सांगायला हवं?

पहिलं शिबिर आठवतं तुम्हाला? मी शाळेत होते. मंडळाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, एका धर्मादाय हॉस्पिटलच्या नर्सताई डोंगर चढून धापा टाकत आल्या, आणि दुपारपर्यंत आपले सेक्रेटरी परबकाका एकटेच पुन्हा पुन्हा स्वतःचं बीपी मोजून घेत बसले. फुकट असूनही कोणी फिरकेना. बऱ्या माणसाने उगाच सुई कशाला टोचून घ्यायची, असं सगळ्यांचं म्हणणं.

मग पुढच्या वर्षी परबकाकांच्या डोक्यात ती आयडिया आली. ज्याचं बीपी आणि साखर नॉर्मल येईल त्याला मंडळातर्फे एक नारळ. वर माइकवरून नाव. आमचे अमुक अमुक, नॉर्मल! जोरदार टाळ्या!

काय गर्दी उसळली होती, बाबा! पायऱ्यांवरून रांग खाली किराणा दुकानापर्यंत. पण तेव्हापासून आपल्याकडे तपासायला कोणी आलंच नाही. सगळे पास व्हायला यायचे. नारळ घेऊन बाहेर पडला तो पास. रिकाम्या हाताने पडला तो नापास. त्या वर्षी तुम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलात. नर्सताईंनी सांगितलं, बीपी बरंच वाढलंय, खाली दवाखान्यात दाखवा, गोळी सुरू करावी लागेल. तुम्ही मान हलवलीत. आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, "काय वसंतशेठ, नापास?"

झालं. तिथेच सगळं बिघडलं. तुम्ही नववीत शाळा सोडलेली. मरोळच्या लेबलं छापायच्या प्रेसमध्ये मशीनवर उभं राहून माझी फी भरलीत. नापास हा शब्द तुम्हाला कुठे लागला असेल, हे मला आता थोडं थोडं कळतं. पण त्यावर तुम्ही जे केलंत! दवाखान्यात गेला असतात तर काय बिघडलं असतं?

तुम्ही अभ्यासाला लागलात. पुढच्या वर्षी शिबिराच्या चार दिवस आधी भात बंद. चहा बिनसाखरेचा, तोही एकच. सुकट नाही, पापड नाही, लोणचं नाही. तंबाखूची पुडी देव्हाऱ्यावर ठेवलेली, म्हणजे हात लावताना लाज वाटावी. रोज सकाळी आई कारल्याचा रस काढून द्यायची आणि तुम्ही नाक दाबून प्यायचात. संध्याकाळी डोंगराला फेरी मारायचात. वेळेवर झोपायचात. आईला म्हणायचात, "बघ, कसा हलका वाटता."

नारळ मिळाला. माइकवरून नाव आलं. परबकाकांनी तर वर जोडलं, वसंतशेठसारखा आदर्श घ्या. आणि त्याच दिवशी त्याच नारळाचं वाटण घालून बांगड्याचं तिखलं झालं, वर भाताचा डोंगर, वर तळलेली सुकट. चार दिवसांचं सगळं एका जेवणात वसूल. मग वर्षभर कोणी कारल्याकडे बघितलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीये? तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. मीठ कमी करायचं, चालायचं, झोपायचं, तंबाखू सोडायची, सगळं तुम्हाला पाठ होतं. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आरोग्याच्या सवयींवर पोस्टर बनवलं, तेव्हा त्यातले अर्धे मुद्दे तुम्ही सांगितले होतेत. आणि ते तुम्ही करूनही दाखवायचात, वर्षातून चार दिवस. जे चार दिवस जमलं ते पाचव्या दिवशी का नाही जमलं, बाबा? पाचव्या दिवशी बघायला कोणी नव्हतं म्हणून?

आई म्हणतेय मी सारखी काय लिहितेय. ऑफिसचं काम, म्हटलं. तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे दर मिनिटाला बघते. ती स्वयंपाकाला जाते त्या स्टेशनपलीकडच्या गुजराती बेनचा फोन येऊन गेला. आज रसोई कोण करणार? आईने सांगितलं, मुलीचं काम आहे, म्हणून खाली आलेय. माझं काम! वा.

तुमच्या त्या सकाळबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते टाळून पुढे जाता येत नाही. तुम्ही दाढी करत होता. आरसा खिडकीला टांगलेला. ब्रश हातातून पडला आणि तुम्ही तो उचलायला वाकलात ते उठलाच नाहीत. एक बाजू गेली होती. दत्तूकाका धावत आले, पोरं जमली, तुम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सगळ्या पायऱ्या उतरवलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, बीपी कधीपासून आहे? औषध कोणतं चालू आहे?

आईने सांगितलं, बीपी नाहीच आहे. किती ठामपणे सांगितलं तिने! म्हणाली, "नाय हो डॉक्टर, दरवर्षी तपासतत. दरवर्षी नॉर्मल." डॉक्टरांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा आईकडे. त्यांच्या त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तुम्हाला शुद्ध असती तर तुम्हाला लागला असता.

अर्थ लागला तो तेराव्यानंतर. शेजारचे दत्तूकाका मला पायऱ्यांवर गाठून रडायला लागले. म्हणाले, तुझा बाप शिबिराच्या दोन दिवस आधीपासून माझ्याकडे यायचा, माझी बीपीची गोळी मागून घ्यायचा. मी म्हणायचो, वसंता, तू स्वतःची का सुरू करत नाहीस? तर म्हणायचा, सुरू केली की पेशंट झालो. दोन गोळ्यांनी काय होतं, दे.

म्हणजे कारल्याचा रस नव्हताच तो, बाबा. निदान एकटा रस नव्हता. आणि हे आईला माहीत नव्हतं.

मी तिला सांगितलं नाही. दत्तूकाकांनाही सांगितलं, बोलू नका. पण शिबिर पुन्हा करायचं ठरलं तेव्हा मंडळाच्या मीटिंगला मी गेले आणि म्हटलं, या वेळी नारळ नको. परबकाका माझ्यावर हसले. नारळ काढलास तर कुत्रं येणार नाही, म्हणाले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, बाय, तू शिकलीस, चांगलं आहे, आम्हाला अभिमान आहे, पण लोकांना काय लागतं ते आम्हाला कळतं. मी म्हटलं, लोक नारळासाठी उपाशी राहतात, काका, आजार लपवतात. तर मागून कोणीतरी टोमणा मारला की हिचाच बापूस रांगेत पहिला असायचा, तेव्हा कुठे गेली होती ही ग्रॅज्युएट?

आणि तेवढ्यात दत्तूकाका उठून उभे राहिले. ते मीटिंगमध्ये कधी बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

"वसंता माझी गोळी खाऊन पास व्हायचा," ते म्हणाले. "मी दिली. दरवर्षी दिली. नारळ बंद करा, परबभाऊ. नाहीतर मंडळाच्या वर्गणीतून मला काढा."

परबकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं तोंड असं झालं होतं की मलाच वाईट वाटलं. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. लोकांनी यावं म्हणून त्यांनी केलं, आणि लोक आलेसुद्धा. शेवटी ठरलं की नारळ येईल त्या प्रत्येकाला, आकडा काहीही असो. माइक बंद. आणि ज्याचा आकडा जास्त आहे त्याच्या कानात सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कोणीतरी दवाखान्यात उतरायचं.

मी जिंकले असं वाटून मागे वळले, तर दारात बायकांच्या घोळक्यात आई उभी होती.

घरी गेल्यावर ती एकच वाक्य बोलली. "दत्तू खोटा बोलता." मग भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकऱ्या सगळ्या जाड झाल्या होत्या.

पुढचे दिवस मी घरोघर फिरले. प्रत्येक दारात तेच सांगितलं. शिबिराआधी नेहमी जे खाता तेच खा, कोणाची गोळी घेऊ नका, स्वतःची चालू असेल तर बंद करू नका, इथे कोणी पास-नापास नाही. लोक चहा द्यायचे आणि गालात हसायचे. एका आजीने विचारलं, अगो, सगळ्यांनाच नारळ, मग परीक्षा कसली ही? मी म्हटलं, परीक्षा नाहीच आहे, आजी. तर म्हणाली, मग येऊन काय करू?

आणि असं गावभर सांगून मी घरी आले, तर मोरीत पेला. तळाला हिरवा चोथा. वासावरून कळलं. आई दोन दिवस भात खात नव्हती, ते मला दिसलंच नव्हतं. मी घरी असतेच कधी?

भांडण झालं आमचं, बाबा. चांगलंच झालं. मी म्हटलं, मी अख्ख्या डोंगराला शहाणपण शिकवत फिरते आणि माझ्याच घरात ही थेरं? ती म्हणाली, माझी साखर वाढली असं बेनच्या कानावर गेलं तर उद्या चक्कर येऊन गॅसजवळ पडेन म्हणून कामावरून काढतील, तू खाशील काय, तुझी डिग्री? मी म्हटलं, माझा पगार आहे ना. ती म्हणाली, लग्न झाल्यावर? मग मी दार आपटून बाहेर गेले आणि पायऱ्यांवर बसले. तुम्ही असता तर दोघींना गप्प केलं असतंत. आणि कोणाची बाजू घेतली असतीत? तिचीच घेतली असतीत. रस तुम्हीही प्यायलाच असतात.

काल ती शिबिराला आली. नवी साडी, वेणी, सगळं. रांगेत ताठ उभी. नर्सताईंनी बोटाला सुई टोचली, पट्टी मशीनमध्ये घातली, आकडा आला. किती आला ते लिहीत नाही. ती म्हणाली कोणाला सांगायचं नाही, आणि त्या कोणात तुम्हीही आलात. पण बराच आला, बाबा. चार दिवस भात न खाऊन, साखर न घेऊन, रस पिऊनही बराच आला.

तिने दुसरा हात पुढे केला. म्हणाली, मशीन बिघडलीय, परत बघा. नर्सताईंनी परत बघितलं. तसाच. तिने विचारलं, "चार दिवस रस पिलंय, तरी?" नर्सताईंनी समजावलं की रसाने, पथ्याने थोडा फरक पडतो, पण आजार मुळात असेल तर चार दिवसांत जात नाही. आई उठली, आपला नारळ घेतला, आणि बाहेर बसलेल्या परबकाकांच्या मांडीवर ठेवून सरळ घरी गेली.

मी समजत होते तिला कामाची भीती आहे. किंवा लोकांची. मला वाटत होतं मला सगळं कळतं.

आज सकाळी रक्त देऊन झाल्यावर मी डबा उघडला. त्यात ती रोज जे खाते तेच आणलं होतं, चपाती, बटाट्याची भाजी आणि थर्मासमध्ये गोड चहा. ती म्हणाली भूक नाही. मग म्हणाली अर्धी चपाती खाते, चहा नको. मला लगेच कळलं. दोन तासांनंतरचा आकडा कमी यावा म्हणून चाललंय. इथेही! मी दात ओठ खात म्हटलं, आई, डॉक्टरला फसवून तुला काय मिळणार आहे? इथे तर नारळही नाही.

तिने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. मग खाली बघूनच बोलली.

"माका नारळ नको," ती म्हणाली. "रसान आकडो उतारता, इतक्याच माका बघूचा होता."

मी विचारलं, का?

"रसान उतारलो तर दत्तू खोटो. नाय उतारलो तर तुझे बाबा माका दरवर्षी फसवीत होते."

बाबा, तुमचं होतं बीपी, तिची साखर, पण तिच्या लेखी आकडा तो आकडा. एवढे दिवस ती माझ्याशी भांडत नव्हतीच. ती तुमची वकिली करत होती. भात सोडून, कडू रस गिळून, स्वतःचं रक्त देऊन सिद्ध करत होती की तिच्या हातचा रस पिऊनच तुम्ही बरे होत होता आणि तुम्ही तिच्याशी खोटं बोलला नाहीत. रोज पहाटे उठून ती कारली किसायची. तुम्ही पेला रिकामा करून म्हणायचात, कसं हलकं वाटतंय. आणि मग शेजारी जाऊन गोळी गिळायचात. का नाही सांगितलंत तिला? मला नसतं सांगितलंत तरी चाललं असतं. मी ओरडले असते, पोस्टर काढलं असतं. पण तिला? ती कोणाला सांगणार होती?

मला वाटतं मला उत्तर माहीत आहे. तिने रस इतक्या मनापासून काढला होता की तो उपयोगी नाही हे तुम्हाला म्हणवेना. असंच ना? असं असेल तर मी रागवायचं कोणावर?

मी तिला तेच सांगितलं. बरोबर की चूक माहीत नाही. म्हटलं, आई, त्यांना तुझा रस खोटा पाडायचा नव्हता, म्हणून लपवलं असेल. ती म्हणाली, "असात." मग म्हणाली, "तरी सांगूक व्हया होता." मग चपाती हातात घेतली. एक अख्खी खाल्ली, भाजीसकट. दुसरी निम्मी खाऊन उरलेली माझ्या हातावर ठेवली, कारण रोज ती दीडच खाते. कपभर चहाही प्यायली, नेहमीसारखा फुंकर मारत.

एवढं लिहून झालंय आणि अजून अर्धा तास आहे. आईने बाजूला बसलेल्या एका बाईशी बोलायला सुरुवात केलीय. ती बाई डायबिटीसची जुनी पेशंट दिसते. पायाला जखम झाली तर दुर्लक्ष करू नका, अनवाणी चालू नका, असं सांगतेय. आई तिला विचारतेय, कामावर सांगितलं का? बाई म्हणते, सांगितलं, उलट आता मला वेळेवर जेवायला देतात. आई माझ्याकडे बघत नाही. मी ऐकलेलं तिला नको असावं. मी लिहितेय, बाबा, मी काहीच ऐकत नाही.

नंबर आला. थांबते.

आता पुढचं दवाखान्याबाहेर, पायरीवर बसून लिहितेय. आई आत औषधाच्या खिडकीसमोर रांगेत आहे. मी उभी राहते म्हटलं तर म्हणाली, माझं औषध मी घेईन.

डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. डोळ्यांखाली काळं, बाहेर माणसांची ही रांग, तरी आवाज चढलेला नव्हता. दोन्ही आकडे बघितले आणि सरळ सांगितलं, मावशी, डायबिटीस आहे, गोळी सुरू करू या. घाबरू नका. भात बंद करायचा नाही, कमी करायचा, बरोबर भाजी वाढवायची. चहातली साखर मात्र हळूहळू सोडा. कामाच्या घरी उरलंसुरलं गोड खाता का? आईने मान खाली घातली. मी पहिल्यांदाच ऐकलं की खाते. रोज चाला, जेवणाच्या वेळा पाळा, आणि कारल्याचा रस प्यायचा असेल तर प्या, पण गोळीच्या ऐवजी नाही. आईने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाल्या, रोज. मला वाटलं आता उठेल. नाही उठली.

मग डॉक्टरांनी घरची माहिती विचारली. आईवडिलांना साखर, बीपी? आई म्हणाली, गावाला असलेले, कोणी तपासलंच नाही. भावंडांना? धाकट्या भावाला साखर आहे. डॉक्टर लिहीत होत्या. मग आई म्हणाली, मिस्टरांना बीपी होतं.

डॉक्टर हसून म्हणाल्या, मावशी, इथे रक्ताच्या नात्यातलंच लिहितात. नवऱ्याचं लागत नाही.

"लिवा," आई म्हणाली. "तेंका बीपी होता. वर्सानुवर्सा होता. माका सांगूक नाय."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली कोपऱ्यात जिथे जागा होती तिथे त्यांनी ते लिहिलं. आई वाकून बघत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण लिहून होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

बाबा, तुम्ही गेल्यावर ती अशी कधी बोलली नव्हती. रडली, ओरडली, उपास केले, तुमचे शर्ट कोणाला देऊ दिले नाहीत. पण तुमच्यावर रागवली नव्हती. आज रागवली. मला का कोण जाणे, बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. उद्या ती गोळी घेईल ना? परवा? बेनकडे शिरा झाला की काय करेल? मी किती दिवस मागे लागू शकेन? मला माहीत नाही.

कालच्या शिबिरात आणखी काही जणांचे आकडे जास्त आले. त्यांच्यातले दोघंच आज इथे उतरलेत. बाकीचे घरी आहेत आणि त्यांना बरं वाटतंय. तुम्हालाही बरंच वाटायचं.

एक वचन देते आणि थांबते, आई खिडकीपाशी पोचलीय. कोणी विचारलं की वसंतराव कसे गेले, तर आम्ही आजवर सांगत आलोय, अचानक गेले. काहीच नव्हतं हो, धडधाकट माणूस, अचानक. ऐकणारा च्‌ च्‌ करतो आणि निश्चिंत होऊन घरी जातो, कारण अचानकवर इलाज नसतो. मी आता हा शब्द वापरणार नाही. मी सांगेन, माझ्या बाबांना बीपी होतं, त्यांना ते माहीत होतं, आणि ते लपवण्यात ते फार हुशार होते. जे घरी बसलेत त्यांच्या दारात आज संध्याकाळी जाऊन हेच सांगणार आहे. तुमची बदनामी होईल. होऊ दे. तुम्ही माझ्यावर रागवा. पण मी सांगेन, बाबा, आणि प्रत्येक वेळी तुमचं नाव घेऊन सांगेन.

तुमचीच लेक,
बाय